माणच्या मोटारीचं अस्तर

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना हसते. कुणाला पिंपळावर बाई दिसते, कुणाला एस.टी. स्टँडवर म्हातारा भेटतो आणि वळून पाहावं तर गायब... अहो, एस.टी. आली की म्हातारी माणसं जागा धरायला चटकन चढतात, त्यात गायब होण्यासारखं काय आहे! माझा स्वभावच असा. भूतखेत, करणी, बाहेरचं — आमच्या घरात मी यातलं काही चालू दिलं नाही. सुनांनी नातवंडांची दृष्ट काढली तरी मीठ-मिरच्या वाया गेल्या म्हणून मी कटकट करायचे.

तरी हे लिहायला बसले आहे. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते, म्हणजे माझे मालक, आता राहिले नाहीत. मुलांना सांगितलं तर म्हणतात, "आई, तुलाच तेव्हा डुलकी लागली असेल." लागली नव्हती. डुलकी लागायलासुद्धा माणसाला फुरसत असावी लागते.

गोष्ट पन्नास सालानंतरची. पिंपरीला औषधांचा कारखाना नवानवा सुरू झाला होता तेव्हाची. आम्ही दापोडीला राहायचो. मुंबई-पुणे रस्ता आणि रेल्वेचे रूळ यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत आमची पत्र्याची शेड होती. पुढे दुकान, मागे पडदा लावून संसार. एका अंगाला पिठाची गिरणी, दुसऱ्या अंगाला सायकलवाला. धंदा गाड्यांच्या आतल्या कामाचा... सीटा, दारांचे पुठ्ठे, टपाचं अस्तर. ट्रकच्या सीटा जास्त यायच्या, टांग्याचे हूड यायचे आणि कधीमधी एखादी मोटार आली की आम्ही दोघं तिला पाहुण्यासारखं वागवायचो.

आमचं मूळ गाव आटपाडीकडचं. तिथे बाजरी पिकते आणि बाकीची धूळ. लढाईच्या काळात हे लष्करात ड्रायव्हर होते, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जखमी शिपायांची गाडी चालवायचे. परत आले, खडकीला एका कारखान्यात कुशनचं काम शिकले आणि मग स्वतःचं दुकान टाकलं. मशीन चालवायला मी यांच्याकडूनच शिकले. हातातली सुई मात्र माझी माहेरची. गोधडी शिवण्यात आमच्या आळीत माझा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे मी स्वतःच सांगते कारण दुसरं कोण सांगणार!

यांना एकच दुखणं होतं. झोप नव्हती.

लागायचीच नाही असं नाही. डोळा लागला की हे दचकून उठून बसायचे आणि मागे वळून बघायचे. दर वेळी मागे. पाठीशी भिंत असली तरी भिंतीकडे बघायचे. "काय हो, काय झालं?" विचारलं तर "काही नाही" म्हणून पाणी प्यायचे आणि मग उजाडेपर्यंत बसून. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, वैद्याचं तेल झालं. वर्षानुवर्षं असं चाललं तर माणसाचं काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहत होते. गालफडं आत गेली, हात कापायला लागले. एकदा तर भर दुपारी चहाचा कप हातात घेऊन चालत चालत सरळ रुळांवर गेले. शिट्टी वाजतेय, लोक ओरडताहेत आणि हे उभे. गिरणीतल्या माणसाने दंडाला धरून ओढलं म्हणून... कप मात्र शेवटपर्यंत हातातच होता. त्या दिवसापासून माझ्या मनाने घेतलं, की यांना झोप आली नाही तर हे एक दिवस असेच माझ्या हातून जाणार. दुसरी कुठली काळजीच मला उरली नाही.

अशात एके दिवशी माणचे तात्या आले.

हिंजवडीच्या पलीकडचं माण. आता तिकडे काचेच्या इमारती झाल्यात म्हणे, तेव्हा शेतं होती. तात्या तिथले जुने बागायतदार. पांढरा फेटा, झुपकेदार मिशा. ते चालत पुढे, मागे बैलजोडी आणि बैलांच्या मागे दोरखंडाने बांधलेली एक लांबलचक काळी मोटार. विलायती, बाजूला पायऱ्या असलेली, वयाने बहुधा माझ्याएवढीच. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती.

मी म्हटलं, "तात्या, एवढी मोटार घेतलीत ती बैलांना ओढायला?"

"बैलांस्नी मोटारीची सवय हाय, सूनबाई," तात्या म्हणाले, "मोटारीलाच बैलांची न्हाई." आणि स्वतःच हसले.

ती गाडी त्यांनी खडकीच्या कुणा साहेबाकडून घेतली होती. साहेबाआधी कोणाची होती, ते त्यांनाही माहीत नव्हतं. इंजिन एका मिस्त्रीने काढून नेलं होतं ते अजून आलं नव्हतं. तात्यांना इंजिनाची घाई दिसत नव्हती, घाई होती ती आतल्या कामाची.

"टपाचं कापाड पार इरलंय. वरनं समदा भुस्सा पडतुया, निजलेल्या मान्साच्या तोंडावर. शंकरराव, नवं करा. समदंच नवं करा."

"निजतं कोण मोटारीत?" यांनी विचारलं.

तात्यांनी बैलांकडे बघितलं. "बसतंय-निजतंय कुनीतरी," एवढंच म्हणाले आणि बैल सोडायला गेले.

यांनी चाकं काढून भिंतीला लावली आणि गाडी लाकडी ओंडक्यांवर चढवली. आमच्या कामात एक रीत असते. आधी टपाचं अस्तर काढायचं, कारण सगळी धूळ वरून खाली पडते. मग दारं, मग सीटा, आणि बसवताना उलट्या क्रमाने यायचं. टपाचं अस्तर नुसतं चिकटवलेलं नसतं, कापडाला मागून पट्ट्या शिवलेल्या असतात आणि त्या पट्ट्या टपाच्या लाकडी कमानींना बारीक खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. ते खिळे एकेक करून काढायचे, कापड फाटू द्यायचं नाही, कारण तेच नव्या कापडावर ठेवून खडूने आखायचं असतं. त्यासाठी हे मागच्या सीटवर पोतं टाकून उताणे झोपले आणि कोपऱ्यातून सुरुवात केली. मी बाहेर बसून दाराच्या पुठ्ठ्याची शिवण उसवत होते.

खिळे डब्यात पडल्याचा आवाज येत होता, टिण... टिण... मग थांबला.

मला वाटलं, हत्यार सापडत नसेल. बराच वेळ गेला. मग मला ते रूळ आठवले. उठून आत डोकावले तर हे झोपलेले! तोंड उघडं, हात छातीवर, कपाळावरची आठी गेलेली. लग्नापासून मी या माणसाला असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. मी चपला काढल्या, देवळात शिरावं तशी हळूच पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि दार ओढून घेतलं, रस्त्यावरच्या भोंग्याने जाग येऊ नये म्हणून.

आणि मग मला ते दिसलं.

टपाच्या मळक्या कापडावर उन्हाचे कवडसे सरकत होते. पानांमधून ऊन पडतं तसे, लहान-मोठे, हलते. आमची शेड चारी बाजूंनी पत्र्याची, पुढच्या दाराला गोणपाट. आसपास एक झाड नाही. बरं, ते कवडसे जागच्या जागी हलत नव्हते. पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत सावकाश जात होते, मग नवे येत होते. झाडांखालून जाणाऱ्या गाडीत बसलं की छतावर दिसतात, अगदी तसे. कधी झाडी संपल्यासारखं नुसतं ऊन, कधी पाण्यावरून परतलेलं डोळे मिचकावणारं ऊन आणि पुन्हा पानं.

मी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर आमचीच शेड होती. मशीन, कातडी, भिंतीला टेकलेली चाकं. मान आत घेतली की पुन्हा झाडी. अंगाला बारीक हिसके बसत होते, मऊ मातीच्या रस्त्यावर बसतात तसे. आणि वास... आश्विन महिना होता, आणि आतमध्ये आंब्याच्या मोहराचा वास भरला होता!

घाबरले का? नाही. घाबरायला हवं होतं, हे मला नंतर सुचलं. तेव्हा इतकं बरं वाटत होतं, की कुणीतरी मला माहेरी घेऊन चाललंय आणि पोचायची काही घाई नाही. दिवेलागण होईपर्यंत मी तशीच बसून राहिले. यांना जाग आली ती आपोआप. उठले, आणि मागे वळून बघितलं नाही.

"काय गं, केवढं झोपलो मी?" म्हणाले. मी डोळ्यांना पदर लावला आणि म्हटलं, भुसा गेलाय.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दुपारी हे आत आडवे झाले की झोप आणि टपावर ती झाडी. यांच्या चेहऱ्याला रंग यायला लागला. मग मी धंद्याची रीत बिघडवली. टप राहू द्या म्हटलं, आधी सीटा करू. सीटांमधले घोड्याचे केस काढून पिंजले, धुतले, उन्हात वाळवले. दारांच्या पुठ्ठ्यांना नवं रेक्झिन लावलं. मग उगाच पायाखालच्या चटया उसवून पुन्हा शिवल्या.

"अगं, नव्या सीटांवर वरची घाण पडणार. असं उलटं काम कोणी करतं का?" हे म्हणायचे.

"मी करते. आणि तुम्ही झोपा."

यांना मी कवडशांचं सांगितलं नव्हतं. हेही काही बोलत नव्हते. एकदा मात्र जेवताना म्हणाले, "त्या गाडीत झोपलो की मी कुठेतरी चाललेला असतो. स्टिअरिंग माझ्याच हातात असतं. पण रस्ता माझा नाही."

शेवटी तात्यांचा निरोप आला — दिवाळीच्या आत गाडी पाहिजे. लोकांची गाडी किती दिवस अडवून धरणार? यांनी टपाचं अस्तर उतरवलं. मी ते आखून बदामी रंगाचं नवं कापड कापलं, पट्ट्या शिवल्या, यांनी मधून कडेकडे ताणत बसवलं. एक सुरकुती नाही. काम पाहून मला अभिमान वाटायला हवा होता, आणि मी आत बसून वर बघत होते. नुसतं कापड. हे मागच्या सीटवर पडले, डोळे मिटले आणि दचकून उठले. मागे बघितलं.

बैल आले आणि गाडी गेली.

आता आमच्याकडे असं, की काढलेलं जुनं कापड कारागिराचं असतं, आणि मी जुनं कापड कधी टाकलेलं नाही. पाचोळ्यासारखं ते अस्तर मी उन्हात झटकलं, आणि माझ्या दोन जुन्या लुगड्यांच्या मध्ये घालून त्याची गोधडी शिवली. जवळ जवळ, बारीक धावदोरा, एक बोट जागा मोकळी नाही. यांच्या अंगावर घातली. कवडसे वगैरे काही दिसलं नाही. पण हे झोपले! मोटारीतल्यासारखे गाढ नाही, तुटक तुटक, पण झोपले. त्या गोधडीला मी मुलासारखी सांभाळू लागले. कोणाला हात लावू देत नव्हते.

दिवाळी झाली आणि तात्या पुन्हा दारात. या वेळी बैलगाडीतून, एकटेच. चहा घेतला, मिशा पुसल्या, पुन्हा पुसल्या.

मी म्हटलं, "काय तात्या, कामात काही खोट राहिली का?"

"न्हाई, न्हाई. काम झ्याक झालंय. खोट न्हाई." बशीत राहिलेल्या चहाकडे बघत राहिले. "सूनबाई, त्ये जुनं कापाड... हाय का टाकलंसा?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांची बायको, आक्का, अंथरुणाला खिळून होत्या. अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं, वाचा गेलेली, दिवसरात्र कळा. एकदा करमणूक म्हणून सुनांनी उचलून त्यांना मोटारीत बसवलं, तर म्हातारी शांत झोपली. मग रोज दुपारी तसंच.

"गावात बोललो न्हाई मी. लोक हसत्याल ना, म्हातारीला मोटारीत निजवतोय म्हनून. वरनं भुस्सा पडायचा तिच्या डोळ्यात, म्हनून म्या म्हनलं नवं करू. आन् नवं केल्यापास्नं डोळ्याला डोळा न्हाई बगा तिच्या. आत निजवली की वर बगती... आन् रडती. आमी काय करावं?" तात्यांनी बशी खाली ठेवली. "तुमास्नी येड्यावानी वाटंल..."

 आत पडद्यामागे गोधडी होती आणि मी पडद्याकडे पाठ करून गप्प बसले होते. हे उठले. आत गेले, गोधडी घेऊन आले आणि तात्यांच्या मांडीवर ठेवली.

"कापड यात आहे," म्हणाले.

मला असा संताप आला! परक्या माणसासमोर नवऱ्याशी भांडू नये एवढं कळत होतं, तरी मी बोलले. "अहो, आणि तुमचं काय? तुम्ही काय करणार?"

"मी बसेन की जागा. सवय आहे मला. म्हातारं माणूस ते, किती दिवस रडेल?"

"मग मीही रडते, चालेल?"

 तात्या एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना सगळं कळलं असावं. गोधडी त्यांनी उचलली नाही, खाली ठेवलीही नाही. नुसता तिच्यावर हात ठेवून बसले. शेवटी मीच उठले, सुई-दोरा, कात्री, हातोडी पिशवीत भरली. म्हटलं, चला. शिवली मी आहे, दुसऱ्या कोणाला ती नीट बसवता येणार नाही.

माणला तात्यांच्या गोठ्याशेजारी पडवी होती, तिथे मोटार उभी. मी गोधडी उसवायला घेतली आणि कपाळाला हात लावला. माझाच बारीक धावदोरा! ते जुनं कापड लुगड्यांशी इतकं एकजीव झालं होतं, की टाका ओढला की कापडाचा तुकडा सोबत यायचा. थोडं सैल शिवलं असतं तर सुटलं असतं. पण सैल शिवणं मला आईने शिकवलंच नव्हतं.

"आता गं?" हे म्हणाले.

"आता काय, अख्खी गोधडीच लावा."

"मोटारीच्या टपाला गोधडी? अगं, खडकीच्या लोकांनी बघितलं तर मला हातोडी धरू देणार नाहीत!"

पण लावली. नवं बदामी अस्तर उतरवलं, गोधडीला मागून पट्ट्या टाचल्या आणि यांनी ती कमानींवर ठोकली. मध्ये पोट सुटल्यासारखी लोंबत होती आणि माझं विटकं हिरवं लुगडं, ठिगळांसकट, त्या विलायती मोटारीला छत झालं होतं. मला हसूही येत होतं आणि लाजही वाटत होती.

सुनांनी आक्कांना उचलून आणलं. एवढंसं शरीर, चिमणीएवढं. मागच्या सीटवर निजवलं. तरी सीटवर जागा उरली नाही, कारण दोन्ही बाजूंना उशा आणि पायाशी गादीची वळकटी लावावी लागायची, त्या पडू नयेत म्हणून. आक्कांनी डोळे उघडले, माझं लुगडं बघितलं आणि मला वाटतं, थोड्या हसल्या. सुना कामाला गेल्या. तात्या पडवीच्या कठड्यावर बसले. हे पुढे ड्रायव्हरच्या सीटवर बसून काचेजवळचा शेवटचा कोपरा ठोकत होते. मी त्यांच्या शेजारी, हातात खिळ्यांचा डबा धरून.

हातोडी थांबली. बघते तर यांची मान मागे टेकलेली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि झोपलेले.

मी वर बघितलं. माझ्या हिरव्या लुगड्यावर झाडी सरकायला लागली होती. पुढून मागे, सावकाश. तोच मऊ रस्ता, तोच मोहराचा वास, या वेळी इतका दाट की घशाशी गोड लागत होता. आक्कांचा श्वास ऐकू येत होता. लुगड्याचा रंग, पानांचा रंग, काही वेगळं ओळखू येईना. हळूहळू झाडी विरळ झाली आणि पाण्यावरचं ऊन आलं. खूप ऊन. सगळ्या टपावर नुसतं पाणी हलत होतं... मग गाडी थांबते तसा एक बारीक हिसका बसला, आणि सगळं थांबलं. ऊन तिथेच थरथरत राहिलं. बराच वेळ. मग पुन्हा सावल्या सुरू झाल्या, पण उलट्या. मागून पुढे.

यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं आणि अगदी साधेपणाने म्हणाले, "आक्का उतरल्या गं."

मी मागे वळले. आक्का तशाच निजल्या होत्या. डोळे मिटलेले, आणि श्वास नव्हता.

रडारड झाली, माणसं जमली, ते सगळं झालं. तात्या रडले नाहीत. त्यांनी यांना बाजूला घेतलं आणि विचारलं, "शंकरराव, उतरली म्हनालासा. कुठं उतरली?"

हे सांगू लागले. नदीचं वळण, काठाला काळ्या दगडाचं मारुतीचं देऊळ, त्याला कळस नाही. देवळामागे भाताची खाचरं, सगळी फुलावर आलेली, वास तिथूनच येत होता. पायरीवर एक बाई बसली होती, डाव्या भुवईवर खोक असलेली. ती उठून म्हणाली, "किती उशीर केलास, बयो." आणि आक्का स्वतःच्या पायांनी चालत गेल्या.

तात्यांनी फेटा उतरवून हातात घेतला आणि सांगितलं.

आक्कांचं माहेर मुळशीच्या अंगाला होतं. तात्यांचं लग्न झालं तेव्हा गाव होतं, मग धरणाच्या पाण्यात गेलं. देवळासकट. उन्हाळ्यात पाणी कितीही उतरलं तरी ते देऊळ काही दिसत नाही, तात्या म्हणाले. आंबेमोहर भात पिकायचा तिथे. तो आश्विनात फुलला की शिवारभर आंब्याच्या मोहराचा वास सुटतो, हे बाजरीच्या मुलखातल्या मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि डाव्या भुवईवर खोक असलेली बाई म्हणजे आक्कांची आई. हे त्या भागात आयुष्यात कधी गेले नव्हते. गेले असते तरी त्यांना पाणीच दिसलं असतं.

गोधडी मी मागितली नाही. तात्या ती काढून द्यायला निघाले होते, पण हेच नको म्हणाले. ती मोटार पुढे बरीच वर्षं पडवीत होती असं ऐकलं. मग काय झालं, ठाऊक नाही.

परतताना तात्यांच्या गड्याने आम्हाला बैलगाडीतून सोडलं. ऊन कलतं झालं होतं. मला एकच गोष्ट टोचत होती. आता यांचं काय? झोपेचं शेवटचं साधनसुद्धा हा माणूस देऊन आला होता. धुसफुसत मी विचारलं, "एवढं छान होतं तिथे, तर तुम्ही नाही उतरलात?"

"मी कसा उतरणार? मी ड्रायव्हर. सगळे उतरले, की गाडी परत आणायची असते."

"सगळे म्हणजे? आक्काच ना?"

हे बैलांच्या शिंगांकडे बघायला लागले. मग म्हणाले, "नाही गं. मागे गाडी भरलेली होती. माझीच पोरं, ब्रह्मदेशातली, गाडीतच गेलेली. इतकी वर्षं मी मागे बघायचो तर बसलेलीच असायची. कुठे सोडू तेच मला कळत नव्हतं. आक्का उतरल्या, तशी त्यांच्या मागून तीही उतरली. एकाने दार लावून घेतलं."

आणि बोलता बोलता, त्या खडखडणाऱ्या बैलगाडीत, गोधडी नाही, काही नाही, माझ्या खांद्यावर मान टाकून हे झोपले. दापोडी आली तरी उठवलं नाही मी. त्यानंतर आयुष्यभर माझा नवरा चांगला झोपला, घोरायचासुद्धा. मी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

याला म्हणायचं काय, ते मी आजपर्यंत ठरवू शकलेले नाही. कवडशांचं कारण शोधून पाहिलं, वासाचं शोधून पाहिलं. एका शिकलेल्या नातेवाइकाने मनाचे खेळ म्हणून सांगितलं, तेही मी ऐकून घेतलं. असतील. पण त्या मोटारीत मी होते, जागी होते. मागची सीट उशांनी आणि आक्कांनी भरलेली होती, तिथे आणखी कोणाला बसायला जागा नव्हती. आणि हे "उतरल्या" म्हणाले त्याच्या जरा आधी, माझ्या मागे मोटारीचं दार उघडल्याचा आवाज झाला. मग पावलं. एकामागून एक, पुष्कळ जणांची, शांतपणे उतरणारी. मी मोजायला घेतली होती, पण ती संपेचनात.